सत्तेचाळीसचा चौथा फूट

गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मातीचंही गिरमिट असतं हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. पुरुषभर उंचीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली पिळाचं पातं. दोन्ही हातांनी मूठ फिरवायची, छातीचा भार टाकायचा, वीतभर खाली गेलं की उपसायचं आणि पात्यात अडकून आलेली माती तरटावर ओळीनं मांडायची. एक फूट, दोन फूट, असं पाच फुटांपर्यंत. हे काम ज्यानं एकोणीस वर्षं केलं त्याला आमची माती-तपासणीची सगळी कचेरी गिरमिट्या म्हणायची. त्याची बायकोसुद्धा. रागावली म्हणजे खऱ्या नावानं हाक मारायची, तेव्हा तो दचकायचा.

मी त्याच्या जोडीचा चिठ्ठीवाला. गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलो, पण गुरुजींनी अक्षर असं घोटून घेतलं होतं की कचेरीतल्या बड्या साहेबांनी माझा अर्ज वाचण्याआधी नुसता पाहिला आणि म्हणाले, "हा पाहिजे." काम सोपं. प्रत्येक फुटाची माती वेगळ्या कापडी पिशवीत भरायची. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एक पिशवीच्या आत, एक बाहेर दोरीला. भोकाचा नंबर, फूट कितवा, तारीख. तेही शिसपेन्सिलीनं, कारण शाई ओलीला फुटते. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकतं. हे मी तेव्हा कौतुकानं सांगायचो.

गिरमिट्या दिसायला काडी, पण खांदे बैलाचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते मातीबद्दल. त्याला माती चाखायची खोड होती. चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा: "खार आहे," "चुना आहे," "ही बरी." प्रयोगशाळेतली मंडळी आठ दिवस बाटल्या हलवून तेच सांगायची. वहिनी म्हणायच्या, "जगातली माती चाखतो, पण आमटीत मीठ नाही हे घास संपल्यावर कळतं याला!" त्यावर हा म्हणायचा, "अगं, आमटी पाच फूट खोल कुठे असते?"

आता त्या जमिनीचं सांगतो. आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षातून चार शिंतोडे. नदी मात्र लांबच्या डोंगरांतून यायची आणि तिकडे पाणी झालं की इकडे निळ्या आभाळाखाली पूर! लोकांना वाटतं नदीजवळची जमीन सखल आणि लांबची उंच. उलटं असतं. पूर काठावरून ओसंडला की जड रेती आधी टाकतो, त्यामुळे काठ उंच आणि भुसभुशीत होतो. बारीक गाळ पाण्याबरोबर लांब जातो आणि पाणी जिथे तुंबतं तिथे बसतो. म्हणून काठापासून पाऊण कोस आत गेलं की बशीसारखा सखल पट्टा लागायचा. काळी, चिकट माती. पाणी एकदा आत गेलं की पाहुण्यासारखं, उठायचं नावच नाही. वर ऊन असं की तेच पाणी हळूहळू वर ओढलं जायचं, उडून जायचं, आणि मीठ मागे ठेवायचं. असल्या जमिनीला शेतकरी चिबड म्हणतात. ओली असली की बूट काढून घेते, सुकली की दगड होते आणि तिला भेगा पडतात. भेगाही कशा? आमच्या साहेबांचा चष्मा एकदा वाकताना नाकावरून घसरला तो थेट भेगेत! साहेब आंधळ्यासारखे हवेत हात फिरवतायत, आणि गिरमिट्या पालथा पडून लांब तारेच्या टोकाला ओल्या चिखलाचा गोळा लावून आत सोडतोय. तिसऱ्या खेपेला चष्मा चिकटून वर आला. साहेब म्हणाले, "तुझं लग्न झालं नसतं तर मी तुला मुलगी दिली असती." साहेबांना मुलगी नव्हतीच, पण मनुष्य खूश झाला होता.

हे साहेब माणूस चांगला. सगळी भोकं त्यांना पाहता येत नसत. दहा भोकांमागे एक मोठा खड्डा ते स्वतः उतरून बघायचे, बाकीचं आमच्या भरवशावर. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. चौथ्या-पाचव्या फुटातली माती राखाडी, निळसर असेल आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील, तर समजायचं की पाणी तिथवर येऊन मुक्काम करतं. वरचे तीन फूट कितीही देखणे असोत. "वरची माती काहीही सांगेल," साहेब म्हणायचे, "खरं खालची बोलते."

कालवा यायचा होता, त्याच्या आधी त्या सगळ्या पट्ट्याची तपासणी चालली होती. दीड महिना आम्ही तंबूत. शेवटचा दिवस, शेवटचं भोक, नंबर सत्तेचाळीस. नेमकं बशीच्या तळाला. सेहेचाळीस नंबर काठाच्या उंचवट्यावर होतं, तिथे गिरमिट लोण्यासारखं गेलं होतं, पिवळसर भुसभुशीत माती. इथे तीन फुटांवर अडलं. गिरमिट्यानं दात-ओठ खाऊन फिरवलं. मूठ हातात फिरली, गिरमिट जागचं हललं नाही. तळहातांना फोड आले होते, ते फुटले.

असं झालं तर काय करायचं याचा नियम होता. भोकात घागरभर पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी यायचं; माती मऊ होते. पण आमच्याकडे प्यायचं पाणी उरलं होतं तांब्याभर. दुसरा दिवस नव्हताच. तंबू उपटले होते, जीप तिकडे टेकाडावरून भोंगा वाजवत होती, आणि दीड महिन्यानंतर घर दिसणार होतं.

गिरमिट्या तिथेच बसला. "उद्या यावं लागेल," म्हणाला.

आणि मी म्हणालो, "कशाला? खाली दुसरं काय असणार? सेहेचाळीसची माती जास्तीची आणलीय ना आपण. भर त्यातली दोन पिशव्यांत."

माझेच शब्द. चांगले लख्ख आठवतात.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कारकुना," तो मला कारकून म्हणायचा, मी कारकून नसताना, "हे बरं नव्हे."

"बरं-वाईट बघत बसलास तर जीप जाईल. मग चाल चार कोस."

त्यानं पिशव्या भरल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या. भोक सत्तेचाळीस, चौथा फूट. भोक सत्तेचाळीस, पाचवा फूट. जीपच्या मडगार्डवर कागद टेकवूनही अक्षर असं आलं की छापून घ्यावं. वाटेत मी गाणी म्हटली. गिरमिट्या पाठीमागे तोंड करून बसला होता.

आमचा अंदाज असा की सव्वादोनशेच्या वर पिशव्यांत दोन पिशव्या कोण विचारतो! पण झालं भलतंच. साहेबांनी नकाशा रंगवायला घेतला आणि सत्तेचाळीसवर येऊन थबकले. वर तीन फूट कसदार काळी माती, ओल धरून ठेवणारी, आणि खाली भुसभुशीत, जास्तीचं पाणी सोडून देणारी. फळबागेला याहून चांगलं काय? साहेब आम्हाला बोलावून म्हणाले, "या सगळ्या पट्ट्यातलं हे सगळ्यात सुंदर भोक!" आणि गिरमिट्याच्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. हसायचं नाही तर काय करायचं? गिरमिट्यानं तेवढ्यात खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

दोन वर्षांनी कालवा आला. पट्ट्याचे तुकडे पडले, आणि ज्यांची जमीन कालव्याखाली गेली होती त्यांना पहिली पसंती मिळाली. त्यांत गिरमिट्याची धाकटी बहीण होती. वयानं त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे यानंच तिची वेणी घालून तिला शाळेत सोडलेलं. वेणी वाकडी असायची, असं ती सांगायची. ती आणि तिचा नवरा एका संध्याकाळी गिरमिट्याच्या खोलीवर आले. मी तिथेच होतो, सुट्टीच्या दिवशी आमचा पत्त्यांचा डाव असायचा. दोन खोल्यांचं कचेरीचं घर, खिडकीत वहिनींचं शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेलं गिरमिट. धाकटीनं नकाशा जमिनीवर पसरला.

"दादा, लोक म्हणतात सत्तेचाळीस नंबरचा तुकडा सोन्यासारखा आहे. कागदावर पण तसंच आहे. पण कागदाचं मला काय कळतंय? तू तिथे भोक पाडलंस. तू सांग, खाली काय आहे?"

वहिनी चहा घेऊन आल्या. मी कप उचलला. गिरमिट्यानं नकाशाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. त्याला दोन मुली, मला तीन मुलं. मी एवढंच म्हणायचं होतं, "ताई, दुसरा तुकडा बघा." चार शब्द. कारण सांगायचीही गरज नव्हती, ती ऐकून घेणारी होती. मी चहात फुंकर मारत बसलो. तो गार झाला तरी फुंकर मारत बसलो.

"चांगली आहे," गिरमिट्या म्हणाला.

"चाखलीस?"

"हो."

"मग झालं तर!" ती नवऱ्याकडे वळली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? आमचा दादा जिभेनं जमीन वाचतो."

मेहुणे हसले, म्हणाले, "तुमच्या शब्दावर घेतोय बरं का! झाडं मेली तर तुम्हालाच खाऊ घालू ती माती." त्या दिवशी सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

त्यांनी लिंबाची चारशे झाडं लावली. आता तुम्ही म्हणाल, लागलीच मेली असतील. तीच तर गंमत. पहिली चार वर्षं बाग अशी आली की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. झाडं लहान, मुळं वरच्या तीन फुटांत, तिथे सगळं छान. धाकटी पहिल्या बहराची टोपलीभर लिंबं घेऊन कचेरीत आली, साहेबांना दिली, मला दिली. "भाऊ, तुमच्या चिठ्ठ्यांची फळं!" म्हणाली. मला सरबत करून प्यायलाही जड गेलं. आणि गिरमिट्या? त्यानं एक लिंबू खिशात ठेवलं, ते वाळून कवडी झालं तरी त्याच्या खिशात होतं.

एकदा मात्र मला वाटलं, सुटलो. मी त्याला म्हटलं, "बघ, खाली बरंच असणार. उगाच जीव जाळतोयस."

तो म्हणाला, "कालव्याचं पाणी मुरतंय कारकुना. वर चढायला वेळ लागतो त्याला."

पाचव्या वर्षी पानं कडेनं पिवळी पडायला लागली. मग टोकं करपली. मग एका उन्हाळ्यात झाडांच्या ओळींमध्ये जमिनीवर पांढरं आलं, पीठ सांडावं तसं. खालून पाणी चढत होतं, सूर्य ते ओढून घेत होता आणि मीठ तिथेच टाकत होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! फक्त इथे पांढरं फुटलं.

आता खरी वाईट गोष्ट सांगतो. धाकटीला वाटलं चूक तिची. कागदावर जमीन उत्तम, दादानं चाखलेली, मग झाडं का मरतात? तर आपणच पाणी नीट देत नाही, असं तिनं धरलं. मेहुणेही तेच म्हणायला लागले, "तुझ्या हाताला यश नाही." आणि मीठ धुऊन जावं म्हणून ती आणखी पाणी सोडायला लागली. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत हाच उपाय. पण जिथे पाण्याला खाली जायला वाटच नाही, तिथे वरून ओतलेला प्रत्येक थेंब खालचं पाणी आणखी वर आणतो. ती औषध म्हणून पाजत होती, ते विष होतं. आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. दोघेही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

गिरमिट्यानं मग एक विचित्र गोष्ट सुरू केली. दर सुट्टीला फावडं घेऊन बहिणीच्या बागेत जायचा आणि चर खणायचा. बागेच्या कडेकडेनं, नदीच्या जुन्या सोडलेल्या पात्राच्या दिशेनं. एकटा. तीन वर्षं. पत्त्यांचा डाव बंद पडला.

"दादा, हे कशाला?" ती विचारायची.

"पाणी जाईल."

"पण कागदावर लिहिलंय ना, खाली भुसभुशीत आहे? आपोआप नाही का जाणार?"

"असूदे एक. व्यायाम होतो."

मेहुणे मला म्हणाले, "तुमच्या मित्राचं डोकं फिरलंय. त्याला त्या चरात थेंब दिसत नाही तरी खणतोय." खरंच, चर कोरडा ठणठणीत असायचा. मी एकदा कडेला उभा राहून पाहिलं. सरळ, रेखीव, दोरी लावून खणलेला. खोली बरोब्बर तीन फूट. कुठेही इंचभर जास्त नाही. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. कळला असं म्हणायला हवं, पण मी तो कळून घेतला नाही.

गिरमिट्या निवृत्त झाला त्याच महिन्यात कचेरीनं जुन्या पिशव्यांची कोठी रिकामी केली. मातीचे ढीग अंगणात ओतले, कापड धुवायला गेलं. संध्याकाळी तो माझ्या दारात उभा. खांद्यावर गिरमिट, एका हातात पाण्यानं भरलेला कॅन, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा असावा तशी एक कापडी पिशवी.

"कारकुना, उद्या सकाळी चल. दोन कोऱ्या पिशव्या घे. चिठ्ठ्या घे. पेन्सिल घे."

"कुठे?"

"सत्तेचाळीसला."

मी म्हणालो, "अरे, आता सगळं झालंय गेलंय. उकरून काय मिळणार?"

"माती," तो म्हणाला.

गेलो. बागेत अर्धी झाडं वाळलेल्या काटक्या झाली होती. धाकटी पाण्याच्या नळीशी वाकलेली. हातांना मिठानं भेगा पडल्या होत्या, बोटांवर चिंध्या बांधल्या होत्या. तिला वाटलं आम्ही सहज आलो, ती म्हणाली, "बसा, चहा टाकते."

"चहा नको," गिरमिट्या म्हणाला. "तू इथे बस आणि बघ."

त्यानं तरट पसरलं, गिरमिट रोवलं. एक फूट, दोन फूट, तीन फूट. माती ओळीनं मांडली. काळी, देखणी. मग मूठ धरून क्षणभर थांबला, आणि पाण्याचा कॅन जवळ ओढला. घरून चार कोस वाहून आणला होता तो. पण ओतावं लागलं नाही. गिरमिट लोण्यात जावं तसं आत गेलं. वर आलं तेव्हा पात्यातून पाणी गळत होतं. माती राखाडी, निळसर, कुजक्या अंड्याच्या वासाची. आणि तिच्यात गंजाचे ठिपके, तांबूस, पुरळ उठल्यासारखे. पाचवा फूट त्याहून निळा. आम्ही बघता बघता भोकात पाणी चढलं आणि साडेतीन फुटांवर येऊन थांबलं.

"हे कालव्यामुळे झालं असेल," मी म्हणालो. अजूनही!

"पाणी कालव्याचं," तो म्हणाला. "हा रंग नाही. हा रंग यायला आज्याच्या आज्यापासूनचे पूर लागतात. तेव्हाही होता." मग मला म्हणाला, "लिही. भोक सत्तेचाळीस, चौथा फूट. आजची तारीख."

मी लिहिलं. त्यानं ती ओली पिशवी तरटावर ठेवली आणि शेजारी ती जुनी पिशवी ठेवली, कोठीतून उचलून आणलेली. सोडली. पिवळसर, भुसभुशीत, कोरडी. दोन्ही पिशव्यांवर तोच नंबर, तोच फूट, तेच अक्षर. शिसपेन्सिल खरंच पुसत नाही.

"ही माती काठावरची," तो बहिणीला म्हणाला. "गिरमिट तीन फुटांवर अडलं होतं. मी ही भरली. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं की मला माहीत नाही. आणि पिवळं पान दिसलं तेव्हा सगळंच माहीत झालं. तुझं पाणी चुकलेलं नाही."

"मी भरली" म्हणाला. मी वाट बघत होतो की आता तो माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही. आणि मीही बोललो नाही.

ती बराच वेळ दोन्ही मातींत बोटं घालून बसली. एका हातात ही, एका हातात ती. रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं ते भलतंच.

"मग चर तीन फूटच का खणलास?"

गिरमिट्या पात्याची माती बोटानं खरवडायला लागला.

"तीन वर्षं, दादा! तुला माहीत होतं पाणी खाली आहे. अजून दोन फूट गेला असतास तर पाणी निघालं असतं. मेली त्यातली निम्मी तरी राहिली असती. तीन फूटच का?"

"खाली गेलो असतो," तो म्हणाला, "तर ही माती वर आली असती. तुला दिसली असती."

ती उठली. आत गेली. वाटलं आता दार लावून घेईल. ती दोन फावडी घेऊन बाहेर आली. एक त्याच्यापुढे टाकलं, एक माझ्यापुढे. माझ्यापुढे टाकताना म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी आमच्यासमोर बसून चहा पीत होतात ना?"

"हो."

"अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं."

बोच लागायला याहून काय हवं! मी फावडं उचललं.

दोन उन्हाळे लागले तो चर पाच फुटांवर न्यायला. मेहुणे पहिले सहा महिने गिरमिट्याशी बोलले नाहीत, काही सांगायचं असलं की हवेला सांगायचे, "त्या टोकाला दगड लागलाय म्हणावं." निळी माती जड, फावड्याला चिकटून बसायची, मी पाटी उचलली की पाठ बोलायची, आणि गिरमिट्या चरातून म्हणायचा, "कारकुना, पेन्सिल हलकी होती ना?" एवढाच काय तो टोमणा त्यानं आयुष्यात मला मारला. ज्या दिवशी चराच्या तळाशी पहिल्यांदा पाणी झुळझुळलं आणि जुन्या पात्राकडे सरकलं, त्या दिवशी त्यानं खाली उतरून ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकला.

"खार," म्हणाला. आणि हसला. कितीतरी वर्षांनी.

वाळलेली झाडं उपटावी लागली. एकशे सत्तर वाचली. उरलेल्या जागेत धाकटीनं मीठ सोसणारं गवत लावलं, शेळ्या पाळल्या. भावाशी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली का? नाही. बोलायची, जेवायला वाढायची, दुखणं-खुपणं बघायची. पण जमिनीतलं काही विचारायचं झालं तर त्याला विचारायची नाही, स्वतः कुदळ घेऊन उकरून बघायची. तो बाजूला उभा राहून बघायचा. गिरमिट्या गेला तेव्हा त्याच्या खिशात ते वाळकं लिंबू निघालं. वहिनींनी ते धाकटीला दिलं. तिनं काय केलं मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

तो गेल्यावर वर्षानं मी चर साफ करायला गेलो. दर वर्षी उन्हाळ्यात तळाला गाळ बसतो, तो काढला नाही तर सगळं मुसळ केरात. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. चराच्या कडेला बसलो होतो, ती पाट्या मोजत होती. मी म्हणालो, "ताई, ती माती भरायची कल्पना त्याची नव्हती. माझी होती. तो उद्या यायचं म्हणत होता."

तिनं मान वर केली नाही. "माहीत आहे."

"त्यानं सांगितलं?"

"नाही. दादाला असलं काही आपणहून सुचत नव्हतं. वेणीसुद्धा वाकडी घालायचा, पण पुन्हा सोडून तीनदा घालायचा." मग पाटी बाजूला ठेवून तिनं फूट आखलेली लाकडी काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. "उतरा. मोजा."

उतरलो. गुडघ्याएवढ्या चिखलात काठी तळाला टेकवली, वर जमिनीच्या पातळीला ताणलेल्या दोरीपाशी बघितलं.

"किती?" वरून आवाज आला.

"पाच."

"मोठ्यानं बोला."

"पाच फूट!"

ती खाली उतरली, माझ्या हातातून काठी घेतली आणि स्वतः मोजली. आता माझं वय एवढं झालंय की नातू मला हाताला धरून चरात उतरवतात, तरी दर उन्हाळ्यात ती मला बोलावते, मी मोजतो, मोठ्यानं सांगतो, आणि ती पुन्हा मोजते. मी अजून एकदाही चुकीचं सांगितलेलं नाही. तरी ती मोजते. आणि बरं करते.